'रिलॅप्स'ला शिव्या घालणाऱ्यांनो…

एमिनेमचे फॅन म्हणवणाऱ्या मंडळींचं एक वाक्य पाठ असतं: २००९चा 'रिलॅप्स' फालतू, २०१०चा 'रिकव्हरी' म्हणजे काय कमबॅक! साफ खोटं. घसरण झाली ती २००४च्या 'एन्कोर'मध्ये. गोळ्यांचं व्यसन, पोरकट विनोद, उरकून टाकलेली गाणी. २००६मध्ये त्याचा जिवलग मित्र प्रूफ गोळीबारात गेला, मग तर विचारूच नका.

'रिलॅप्स'मधले ते चित्रविचित्र अ‍ॅक्सेंट डोक्यात जातात, मान्य. पण त्या वाकड्या उच्चारांमुळेच एरवी न जुळणारे शब्द यमकात बसतात राव! जवळजवळ सगळं संगीत डॉ. ड्रेचं. आणि 'देजा वू'मध्ये २००७च्या ओव्हरडोसची हकीकत तो बारीकसारीक तपशिलांनिशी सांगतो, स्वतःला अजिबात न सोडता. 'रिकव्हरी'त काय, तर उठा, लढा, घाबरू नका. शाळेच्या गॅदरिंगमधलं प्रमुख पाहुण्यांचं भाषण. एका गाण्यावर रिहानाचं ध्रुवपद चढवलं की रेडिओवाले खूष.

'नॉट अफ्रेड'मध्ये त्याने स्वतःच 'रिलॅप्स'ला नावं ठेवली, हा यांचा हुकमाचा एक्का. बापाने नावं ठेवली म्हणून पोरगं वाया गेलं का? ग्रॅमी तर दोन्ही अल्बमना मिळालं. 'देजा वू' एकदा हेडफोन लावून ऐका, मग या भांडायला.