उपग्रहाला दिसतो फक्त समुद्राचा पृष्ठभाग. मग खालच्या उष्णतेचा अंदाज कसा लावतात?

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकताना वेगाने तीव्र झालं आणि १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगारांचा जीव गेला. वादळ कुठे जाईल, याचा अंदाज आता बऱ्यापैकी येतो. ते किती झपाट्याने तीव्र होईल, हे सांगणं मात्र अजूनही अवघड आहे. याचं एक मोठं कारण पाण्याखाली आहे.

उपग्रहाला काय दिसतं?

इन्फ्रारेड सेन्सर पाण्याच्या अगदी वरच्या, मिलिमीटरहूनही पातळ थराचं तापमान टिपतात. ढग आले की तेही थांबतं. मायक्रोवेव्ह सेन्सर ढगांपलीकडे पाहतात, पण त्यांचं चित्र ढोबळ असतं.

वादळ मात्र समुद्र ढवळून खालचं पाणी वर आणतं. ते थंड असेल, तर वादळाचा जोर ओसरतो. उष्ण थर खोलवर असेल, तर त्याला इंधन मिळत राहतं.

खोलीचा अंदाज कसा येतो?

पाणी तापलं की प्रसरण पावतं आणि समुद्राची पातळी काही सेंटिमीटरने उचलली जाते. अल्टिमीटर उपग्रह ही उंची मोजतात. भारत-फ्रान्सचा 'सरल' उपग्रह २०१३ मध्ये त्यासाठीच सोडला गेला. शिवाय 'आर्गो' तरंगक साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन तापमान आणि क्षारता मोजतात.

मग मॉडेल कशाला?

निरीक्षणं तुटक असतात. मधल्या जागा मॉडेल भरतं: वारा, प्रवाह, तापमान यांची गणितं सोडवून. पण त्याच्याही चुका दिवसागणिक वाढतात. म्हणून मॉडेलचा अंदाज आणि नवी निरीक्षणं यांची सांगड घालतात. ज्यावर जास्त भरवसा, त्याला जास्त वजन. याला 'डेटा असिमिलेशन' म्हणतात. भारतात हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था हे काम करते.

अडचण कुठे आहे?

किनाऱ्याजवळ. तिथे जमिनीमुळे अल्टिमीटरचा सिग्नल बिघडतो आणि उथळ पाण्यात आर्गो सहसा नसतात. मुंबईसमोर तर उथळ समुद्र दूरवर पसरलेला आहे. म्हणजे लहान होड्या जिथे मासेमारी करतात, तिथेच निरीक्षणं सर्वांत विरळ. त्यामुळे नव्या उपग्रहांइतकीच किनाऱ्यालगतच्या बॉय आणि रडारची गरज आहे.