परळच्या प्रयोगशाळेचा खर्च कोणी उचलला?

१० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. हीच आजची हाफकिन संस्था. तिचा विषय निघाला की दोन ठरावीक प्रतिक्रिया हमखास उमटतात. ‘इंग्रजांनी आपल्याला आधुनिक वैद्यक दिले’ ही एक आणि ‘हाफकिन एकटे लढले, सरकारने त्यांचा बळी दिला’ ही दुसरी. दोन्हींत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही बाजूंनी जमाखर्चाची वही मिटूनच ठेवलेली दिसते. ती उघडली की या संस्थेचा इतिहास निराळा भासू लागतो.

आरंभ १८९६ च्या सप्टेंबरातला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याकडे कॉलऱ्याच्या लसीच्या कामात गुंतलेले होते. सरकारने त्यांना ऑक्टोबरात मुंबईस पाचारण केले. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला होता. इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आय.एम.एस., या लष्करी शिस्तीच्या वैद्यकीय सेवेचा तो सभासद नव्हता. ही बाब पुढे निर्णायक ठरली.

त्यांना मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी जागा, एक कारकून आणि मोजके शिपाई. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवताना पृष्ठभागावर त्यांना आधार हवा, म्हणून हाफकिन यांनी साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. लस टोचून घेणाऱ्यांच्या धर्मभावना दुखावू नयेत, म्हणून गोमांसाऐवजी बोकडाचे मांस वापरले. साम्राज्याची पहिली प्लेगप्रतिबंधक लस बाजारात सहज मिळणाऱ्या अशा सामग्रीवर उभी राहिली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. ते कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले असे सांगितले जाते. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न तेव्हाच्या सरकारी नोंदींना पडलेला नाही.

सरकारजवळ पैसा नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. याच १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, अलगीकरणाच्या छावण्या, स्थानकांवरील तपासण्या, पुण्यात तर गोरे सैनिकच रस्त्यावर. या साऱ्यास खर्च लागतोच. त्याच वर्षी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत युरोपीय राष्ट्रे हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर निर्बंधांची भाषा बोलत होती. मुंबई बंदर अडले असते तर कापूस अडला असता. आम्ही कठोर उपाय योजत आहोत, हे युरोपला दाखविणे सरकारला निकडीचे होते आणि सैनिकांची झडती जशी डोळ्यांत भरते, तशी काचपात्रातील जंतूंची वाढ भरत नाही. या धोरणाची किंमत पुण्याने कशी वसूल केली, ते २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबास कळले.

ग्रँट कॉलेजातून प्रयोगशाळा मलबार हिलवरील बंगल्यात गेली, तेथून आगाखान तिसरे सुलतान मुहम्मद शाह यांच्या खुश्रू लॉजमध्ये. वीस-एकवीस वर्षांच्या या धर्मगुरूने केवळ वास्तूच दिली नाही. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि हजारो खोजा अनुयायी त्यांच्या मागोमाग आले. लोकांचा विश्वास ही संशोधनाची सर्वांत महाग सामग्री असते, आणि ती येथे एका भारतीय समाजाने पुरविली. परळचा वाडा मिळाला तोही एका अर्थी उरलासुरला. १८८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी मुंबईत कॉलऱ्याने दगावल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठले. प्लेगच्या धामधुमीत ती रिकामी वास्तू रुग्णालय म्हणून वापरली गेली; मग तेथे प्रयोगशाळा आली. राज्यकर्त्यांनी टाकलेले घर हे तिचे भांडवल.

आणि तिच्याकडून मागणी कशाची? मात्रांची. हाफकिन यांच्या लसीच्या प्रमाणीकरणात उणिवा आहेत, असा आक्षेप सरकारनेच नेमलेल्या प्लेग आयोगाने घेतला होता. प्रमाणीकरण सुधारायचे तर वेळ हवा, माणसे हवीत. प्रत्यक्षात १९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड लसीकरण मोहीम आखली आणि परळवर मागणीचा भार कोसळला. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी पद्धती बदलली, लसीत कार्बोलिक आम्ल घालणे थांबविले आणि निर्जंतुकीकरणाची भिस्त उष्णतेवर ठेवली. पाश्चर संस्थेत ही रीत मान्य होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सर्वांची लस एकाच बाटलीतली होती. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेकडे वळविला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वालेवर नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट पुढे ठळकपणे मांडली गेली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरील बालंट दूर झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यास. परळची खुर्ची आता आय.एम.एस.च्या अधिकाऱ्यांची होती.

ज्यूद्वेष, आय.एम.एस.चा मत्सर ही कारणे खोटी नाहीत. परंतु तेवढ्यावर थांबले की मूळ रचना सुटून जाते. तातडीच्या काळात नाइलाजाने पैसा सोडायचा, संशोधनगृहाचा कारखाना करायचा आणि घाईतून अनर्थ ओढवला की संस्थेऐवजी व्यक्तीला उत्तरदायी धरायचे, अशी ती रचना होती. बाटली उघडणाऱ्या त्या गावापर्यंत प्रशिक्षण आणि देखरेख पोहोचविण्यावर कोणी किती पैसा लावला, हे समितीने विचारायला हवे होते.

उंदरावरील पिसवांतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीतील एका हॉटेलात प्रयोग करून दाखविले. ते सिद्धांतरूपाने सर्वमान्य होण्यास मात्र १९०५ चे दुसरे प्लेग संशोधन मंडळ, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांची साथ लागली. त्यांचे बरेचसे काम परळच्याच छताखाली झाले. सवड आणि स्थिर पाठबळ मिळाल्यावर हीच वास्तू काय करू शकते, याचा तो पुरावा.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. आजच्या आय.सी.एम.आर.चे हे पूर्वरूप. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबरला परळलाच झाली, हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली. आता तरी संशोधनास कायमचा निधी मिळणार होता, आणि त्याचे फळही दिसले. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कॅम्पबेल रुग्णालयाच्या कोंदट खोलीत काळ्या आजारावरील युरिया स्टिबामाइन शोधले, ते या संघटनेच्या अनुदानाच्या आधारे. आसामच्या चहामळ्यांत या आजाराने मजूर मरत होते, हेही येथे ध्यानात ठेवावे. पण १९२३ मध्ये इंचकेप समितीने काटकसरीचा नांगर फिरविला तेव्हा सरकारी अनुदानावर गदा आली आणि संघटनेला पूर्वीच्या शिलकेवर दिवस काढावे लागले. लष्करावरचा खर्च कापल्यानंतरही तो अर्थसंकल्पातील मोठा वाटा राहिलाच.

१९२५ मध्ये, मॅकी संचालक असताना, परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा फ्रान्समध्ये राहत होते. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या.