एक फोटो, चार रूपं

सुट्टीत आम्ही घरातल्या मुलांना एकच फोटो दिला: रावेरजवळच्या केळीच्या बागेत, घडाशेजारी बसलेली दादी. मोबाइलवर काढलेला, जरा काळपट. सांगितलं, "मूळ फोटोला हात लावू नका. त्याची कॉपी घ्या आणि प्रत्येकानं वेगळं काही करा." स्नॅपसीडसारखं मोफत अ‍ॅप त्याला पुरतं.

थोरल्यानं कडा कापून फक्त दादीचे हात आणि घड ठेवला. फोटो कष्टाचा झाला. मधलीनं रंग काढून तो काळा-पांढरा केला; हिरवं गेलं आणि नजर थेट चेहऱ्यावर गेली. तिसऱ्यानं सावली उजळली, तर मागे उभे असलेले चाचा दिसू लागले! धाकटीनं मात्र फिल्टर लावून सगळ्या सुरकुत्या पुसल्या.

दादीनं चारही पाहिले. शेवटच्यावर थांबून म्हणाली, "ये कौन है?" सगळे हसले, धाकटी हिरमुसली.

आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावचे केकी मूस टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड खेळवून अख्खा देखावा उभा करत. कल्पनेला तिथं पूर्ण मोकळीक. पण माणसाचा चेहरा आपल्याकडे अमानत असतो. उजेड द्यावा, चौकट बदलावी. ओळख पुसू नये.

धाकटीनं पुन्हा कॉपी घेतली, चेहऱ्यावर फक्त उजेड वाढवला. दादी म्हणाली, "हां, ये मैं हूँ." तोच फोटो आम्ही छापून आणला.

तुमच्या घरीही एक फोटो निवडा, मुलांना द्या. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, ओळख पटते का?