हजार म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आमच्या दारात उभी होती. बँकेच्या भरती परीक्षेचा अर्ज भरायची ती शेवटची रात्र. बारा वाजता मुदत संपणार. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा त्या अर्जातले मला सगळे कळत असणार, असा तिच्या आईचा समज.

"काका, फोटो घेतच नाहीये. पन्नास केबीच्या आत हवा म्हणतात, आणि माझा आत आहे हो!"

अर्जावर स्पष्ट लिहिले होते, फोटो २० ते ५० केबी. लॅपटॉपवर त्या फोटोचा आकार दिसत होता ४९.८ केबी. अर्ज म्हणत होता, फोटो मोठा आहे. तोच फोटो तिच्या मोबाइलवर उघडला तर तिथे ५१ केबी! चेहरा एक, फोटो एक, वजने दोन. मुलगी रडकुंडीला आली होती. "माझंच काहीतरी चुकत असेल," असे ती तीनदा म्हणाली, आणि मला फोटोपेक्षा ते वाक्यच जास्त लागले. पासबुकातली चूक आमची असली, तरी काउंटरपलीकडचा साधा माणूस असेच म्हणत असे.

फोटो आणखी थोडा लहान केला, ४५ वर आणला, अर्ज गेला. ती घरी गेली आणि मी जागा राहिलो. हिशेब जुळला नाही की झोप न लागण्याची खोड निवृत्तीबरोबर सुटत नाही.

भानगड अशी आहे. त्या फाइलीत साधारण ५१ हजार बाइट होते. मोबाइलने त्यांना १००० ने भागले, लॅपटॉपने १०२४ ने, आणि दोघांनीही उत्तरापुढे केबी हेच नाव लिहिले. अर्ज तयार करणाऱ्याने मर्यादा धरली होती पन्नास हजार बाइटची. तिघांचेही गणित बरोबर; खोटे होते ते नाव.

आता हे १०२४ कुठून आले? संगणकाची स्मृती दोनाच्या पटीत वाढते. दहा तारांनी जितक्या जागांना क्रमांक देता येतात, त्यांची संख्या १०२४. ती हजाराच्या जवळची, म्हणून जुन्या तंत्रज्ञांनी सोयीसाठी तिलाच 'किलो' म्हणून टाकले. हजाराला चोवीस, एवढ्याने काय बिघडते? बिघडते, आणि कसे ते बँकवाल्याला चटकन कळावे. हे २.४ टक्के चक्रवाढीने वाढतात. मेगाला तफावत ४.९ टक्के, गिगाला ७.४, आणि टेराला जवळजवळ दहा टक्के. म्हणूनच एक टेराबाइटची डिस्क विकत आणून संगणकाला लावली की तो ९३१ जीबी दाखवतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळे होते. अमेरिकेत तर हार्ड डिस्क विकणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकांनी दावे लावले. त्यांतले दोन २००६-०७ च्या सुमारास तडजोडीने मिटले. मापात पाप म्हणतात ते हे नव्हे. इथे मापे दोन आणि पाटी एक.

सगळ्यांत गमतीची होती ती आमची फ्लॉपी. नव्वदच्या दशकात शाखेत संगणक आले, तेव्हा रोजचा हिशेब संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवून ती तिजोरीच्या खोलीत कुलपात ठेवत असू. तिच्यावर छापलेले असे १.४४ एमबी. तिच्यात बाइट मावत १४,७४,५६०. हजाराच्या मापाने हे १.४७ होतात आणि १०२४ च्या मापाने १.४१. मग १.४४ कुठले? तर एकदा १०२४ ने भागले आणि दुसऱ्यांदा १००० ने! आमच्या शाखेत एखाद्या कारकुनाने असे व्याज काढले असते, तर त्याला त्या रात्री शेवटची लोकल मिळाली नसती.

माझ्या वडिलांकडून एक हकीकत ऐकली होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे; आता रुपयाचे शंभर. आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस, असली कोष्टके दुकानात टांगलेली असत आणि एका पैशावरून भांडणे होत. तरी ते बदलणे निभावले, याचे एक कारण म्हणजे सरकारने त्या नव्या नाण्याला नुसता पैसा म्हटले नाही, 'नया पैसा' म्हटले. जुना पैसा व्यवहारातून गेल्यावर, १९६४ मध्ये, 'नया' हा शब्दही गळाला. दोन अक्षरांनी केवढा घोळ वाचवला!

संगणकाच्या जगालाही हे सुचले, पण उशिरा. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या मापाला वेगळे नाव दिले: किबीबाइट, त्यापुढे मेबी, गिबी. नावे कानाला जरा बोबडी वाटतात, म्हणून असेल, पण घराघरांत ती पोचली नाहीत. अ‍ॅपलने २००९ मध्ये आपल्या मॅक संगणकांवर सरळ हजाराचे माप सुरू केले; अँड्रॉइडने २०१७ मधल्या आठव्या आवृत्तीपासून. विंडोज मात्र आजही १०२४ ने भागते आणि पुढे केबी, एमबीच लिहिते.

माझे मत विचाराल, तर सामान्य माणसाला दाखवायचा आकडा हजाराचाच असावा. किलो म्हणजे हजार, हे वाण्याच्या दुकानापासून रस्त्यावरच्या मैलाच्या दगडापर्यंत त्याला ठाऊक आहे. तंत्रज्ञांना १०२४ लागतो, त्यांनी तो खुशाल वापरावा, पण त्याच्या स्वतःच्या नावाने. बँकेच्या ताळेबंदात रकान्याच्या डोक्यावर 'हजारांत' असे लिहिलेले असते. तो शब्द एकदा जरी चुकला, तरी पुढचे सगळे आकडे बरोबर असून ताळेबंद खोटा ठरतो.

यावर आक्षेप येतो तो असा की, माप बदलले तर लोकांना जुन्या फाइली रातोरात फुगलेल्या दिसतील आणि ते घाबरतील. घाबरतील थोडे दिवस. तीन आण्यांचे एकोणीस पैसे झाले तेव्हाही घाबरलेच होते. आणि अर्ज बनवणाऱ्यांना तर माप बदलायची वाट पाहण्याचेही कारण नाही. 'फोटो मोठा आहे' एवढेच म्हणून दार लावून घेण्याऐवजी 'तुमची फाइल ५१,००० बाइट, मर्यादा ५०,०००' असे लिहायला कितीसे कष्ट पडतात? मर्यादेच्या काठावरच्या फोटोला थोडी सूट दिली, तरी कोणाचे सर्व्हर बुडणार नाहीत.

परवा ती मुलगी पुन्हा आली. दुसऱ्या कुठल्या परीक्षेचा अर्ज होता, या वेळी सहीची फाइल, १० ते २० केबी. लॅपटॉप मात्र आणला नव्हता. हातात एक चिठ्ठी.

"काका, ही १८,३४० बाइट आहे. कुठल्याही मापाने मोजू दे त्यांना."