पटावरून पुसलेले नाव

सुटीच्या दुपारी ‘व्यापार’चा पट मांडून ज्यांनी मुंबई विकत घेतली आणि धाकट्या भावंडांना कफल्लक केले, त्यांना या खेळाचा कर्ता कोण, हा प्रश्न पडला नसावा. आम्हांलाही पडला नव्हता. ‘व्यापार’ हा ‘मोनॉपॉली’चा देशी अवतार आणि ‘मोनॉपॉली’ चार्ल्स डॅरो यांची निर्मिती, एवढ्यावर आमचे समाधान होते.

वस्तुस्थिती निराळी आहे. लिझी मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट मिळवले होते. हेन्री जॉर्ज यांच्या जमीनकराच्या विचाराने त्या भारलेल्या होत्या. जमिनीच्या मक्तेदारीतून एकाची तिजोरी भरते आणि बाकीचे भिकेला लागतात, हे खेळता खेळता उमगावे, हा त्यांचा हेतू. हाताने काढलेल्या पटांवरून खेळ पसरत गेला. तो डॅरो यांच्या हाती आला आणि त्यांनी तो आपला म्हणून पार्कर ब्रदर्सला विकला. १९३५ साली त्याच कंपनीने मॅगी यांचे १९२४ चे दुसरे पेटंट ५०० डॉलरना, रॉयल्टीविना घेतले. मक्तेदारीवरची टीका मक्तेदारीचा उत्सव होऊन बसली.

नवा खेळ सुचलेल्या तरुणाला आजही सल्ला मिळतो: ‘आधी पेटंट घे, तोवर कोणाला दाखवू नकोस.’ या सल्ल्याचे दोन्ही भाग आम्हांला अमान्य आहेत. खेळण्याची पद्धत हा शोध नव्हे, असे आपला १९७० चा पेटंट कायदा कलम ३ मध्ये स्पष्ट म्हणतो. कॉपीराइट लाभतो तो अभिव्यक्तीला, कल्पनेला नव्हे. नाटक आणि चित्रपट यांच्यातील आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले. ‘स्क्रॅबल’च्या वादात २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मानला नाही, संरक्षण दिले ते नावाला.

आणि लपवून ठेवलेला खेळ हा खेळच नव्हे. चार माणसांनी खेळून मोडून पाहिल्याखेरीज त्याचे नियम सिद्ध होत नाहीत. तेव्हा दाखवावा, मात्र पटाचे व सोंगट्यांचे दृश्य रूप नवे असेल, तर ते जाहीर होण्याआधी डिझाइन-नोंदणीचा अर्ज करावा. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे, नियम स्वतःच्या शब्दांत लिहून तारीख घालावी, उत्पादकाशी गोपनीयतेचा करार करावा. आणि पेटीवर कर्त्याचे नाव छापले जाईल, ही अट सोडू नये.

या शेवटच्या अटीशी साहित्याच्या लोकांचा संबंध आहे. कायदा नाव आणि रूप राखतो. अर्थ राखत नाही. मॅगी यांच्याकडे पेटंट होते, तरी त्यांचा अर्थ हरवला. ‘संहिता’ हा शब्द आपण वर्गात दिवसातून दहादा उच्चारतो. पण नियमांचे पत्रक आपल्या लेखी वेष्टनाचा भाग असते. मॅगी यांचे कर्तृत्व १९७० च्या दशकात उजेडात आणले ते राल्फ आन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, तेही स्वतःच्या ‘अँटी-मोनॉपॉली’साठी न्यायालयात लढावे लागले म्हणून. कर्ता कोण आणि मूळ पाठ कोणता, हे विचारणे ज्यांचा व्यवसाय, ते आम्ही तेव्हा कुठे होतो?