पहिल्या टेकडीवर थांबू नये

धारचे आणि देवासचे पवार मूळचे एकाच कुळातले. पुढे देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. राजघराण्याची शाखा कुठे फुटली हे दप्तर उघडून वाचता येते. परंतु धार जिल्ह्यातील बाग-कुक्षीच्या खडकांत ज्यांची अंडी सापडतात, त्या डायनोसॉरांची वंशावळ कोणी लिहून ठेवलेली नाही. तेथील 92 घरटी व 256 अंडी यांचे वर्णन 2023 साली प्रसिद्ध झाले. ती टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी गटाची. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला सापडलेला आयसिसॉरस याच गटातला. अशा प्राण्यांचे नाते हाडांवरील खुणांवरूनच जुळवावे लागते, आणि हे काम आपण समजतो तितके सरळ नाही.

त्याची एक प्रचलित रीत काटकसरीची आहे. प्रत्येक प्राण्याच्या गुणांचा तक्ता करायचा आणि ज्या वंशवृक्षात गुणांचे बदल कमीत कमी मानावे लागतात तो पत्करायचा. तत्त्व सुटसुटीत, पण शोध बिकट. चार प्राण्यांची मूळ न ठरवलेली झाडे तीनच होतात, पाचांची पंधरा. दहांची मात्र 20,27,025 होतात! वीस प्राणी घेतले तर दोनावर वीस शून्ये मांडली तरी आकडा अपुरा पडतो. हेंडी व पेनी यांनी 1982 साली दाखवलेल्या युक्तीने निरुपयोगी झाडांचे गठ्ठेच्या गठ्ठे न तपासता बाजूला सारता येतात व उत्तराची हमीही राहते. पण तीही साधारण वीस-पंचवीस प्राण्यांच्या पुढे थकते. तिथून पुढे अदमासानेच शोध घ्यावा लागतो. यालाच ह्युरिस्टिक पद्धती म्हणतात.

त्यांत प्रथम एकेक प्राणी जोडत एक झाड उभे करतात. मग शेजारच्या फांद्यांची अदलाबदल करतात, किंवा एखादी फांदी तोडून तिचे दुसरीकडे कलम करतात. अथवा झाडाचे दोन तुकडे करून ते हव्या त्या फांद्यांनी पुन्हा जोडून पाहतात. ही शेवटची रीत सर्वांत वेळखाऊ, पण सर्वांत दूरवर पोचणारी. मी देवासकडचा असल्यामुळे मला तिथली टेकडी आठवते. डोळे बांधलेल्या माणसाला 'फक्त चढतच राहा' असे सांगितले, तर तो टेकडीच्या माथ्यावर पोचेल आणि हेच माळव्यातले सर्वांत उंच ठिकाण असे म्हणेल. जानापावचा डोंगर त्याहून उंच आहे हे त्याला कळणार नाही, कारण तिकडे जायचे तर आधी उतरावे लागते.

यावर उपाय दोन. एक, निरनिराळ्या ठिकाणांहून पुनःपुन्हा चढायला लागणे. दुसरा, केव्हिन निक्सन यांनी 1999 साली सुचवलेली 'रॅचेट' पद्धत: काही गुणांना तात्पुरते जास्त वजन द्यायचे, म्हणजे जमिनीचे चढउतारच बदलतात आणि माणूस टेकडीवरून हलतो, मग वजने पूर्ववत करून पुन्हा शोध. सुमारे 500 बीजधारी वनस्पतींच्या तक्त्यावर 1997 पर्यंत गणकयंत्रांचा जवळजवळ वर्षभराचा वेळ खर्चून 16,220 बदलांचे झाड मिळाले होते. रॅचेटने काही तासांत 16,218 बदलांचे झाड दिले. माझ्या मते धडा स्पष्ट आहे. एकाच टेकडीवर वर्षभर घाम गाळण्यापेक्षा हलायला शिकणे बरे.

दोन बदलांनी असे काय बिघडते, असे कोणी विचारील. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या राजासॉरसचे 2003 साली वर्णन झाले. त्याचे नाते मादागास्कर व दक्षिण अमेरिकेतील मांसाहारी डायनोसॉरांशी जुळते, आणि अशा नात्यांवरून भारत कोणत्या भूखंडापासून केव्हा सुटला याची चर्चा होते. हाडे अपुरी असली की एका बदलाच्या फरकाने फांदी जागा सोडू शकते. मग चुकलेल्या फांदीवर एका खंडाचा इतिहास टांगला जातो.

म्हणून विद्यार्थिमित्रांना आणि प्राध्यापकांनाही माझी विनंती आहे. प्रकल्पाच्या वहीत नुसते झाड चिकटवू नये. किती ठिकाणांहून सुरुवात केली, फांद्या कोणत्या रीतीने हलवल्या, सर्वांत कमी बदलांचे उत्तर किती वेळा हाती आले आणि तितक्याच बदलांची आणखी किती झाडे निघाली, हे चार आकडे सोबत लिहावेत. टीएनटी हा संगणक-कार्यक्रम विनामूल्य मिळतो, तेव्हा खर्चाची सबब नाही. सर्वांत काटकसरीचे झाड खरेच असेल असेही नव्हे. निसर्ग काटकसर करतोच असे नाही. पण जे शोधल्याचे आपण सांगतो, ते निदान नीट शोधलेले असावे. ज्या झाडाच्या शोधाचा हिशेब दिलेला नाही, त्याला परीक्षकांनी गुण देऊ नयेत, असे माझे प्रांजळ मत आहे.