प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा

गाण्याच्या रसिकाला गाण्याच्याच नावाने छळण्याची एक युक्ती आमच्या रत्नागिरीत अलीकडे बरीच बोकाळली आहे. 'संगीत प्रश्नमंजूषा' असे तिचे गोंडस नाव. गणपतीच्या मांडवात एक गृहस्थ जाकीट घालून उभे राहतात आणि विचारतात काय, तर अमक्या चित्रपटाची ध्वनिमुद्रिका कोणत्या महिन्यात बाजारात आली! मांडवात दोन-अडीचशे माणसे असतात. उत्तर एकालाच ठाऊक असते, आणि तो एक म्हणजे विचारणारा स्वतः. याला खेळ म्हणायचे असेल तर आमच्या शाळेतील घटक चाचणीला जत्राच म्हटले पाहिजे.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात एका मंडळाने मला परीक्षकाच्या खुर्चीत बसवले होते. प्रश्न आला, 'मोहित्यांची मंजुळा'चे संगीत कोणाचे? नववीतली एक मुलगी चटकन उठून म्हणाली, "आनंदघन." सूत्रधाराच्या कागदावर 'लता मंगेशकर' असे लिहिले होते. त्यांनी "चूक" म्हणून प्रश्न पुढच्या संघाला दिला, त्या संघाने लताबाईंचे नाव घेतले आणि टाळ्या पडल्या. आता १९६३ सालच्या त्या चित्रपटाला लताबाईंनी संगीत दिले ते 'आनंदघन' या टोपणनावाने. म्हणजे मुलगी बरोबर होती आणि कागदही बरोबर होता. चूक एवढीच, की कागद एकच उत्तर घेऊन बसला होता. मला हे ठाऊक होते. मी बोलायला हवे होते, बोललो नाही. आरती खोळंबली होती आणि सूत्रधार ओळखीचे होते. त्या मुलीने पुढे एकदाही हात वर केला नाही.

तेव्हापासून मी या प्रकाराचा वैरी झालो आहे. कोणी म्हणतील, प्रश्न सोपे केले तर खेळात राम काय? अहो, अवघड प्रश्नाला माझा विरोधच नाही! १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा ती लोकप्रियतेची उतरंड नव्हती, कोडे होते. सात गाणी उलटसुलट वाजवायची आणि ती कोणत्या क्रमाने निघाली ते श्रोत्यांनी लावून पाठवायचे. बक्षीस १०० रुपये. सात गाण्यांचे क्रम ५,०४० होतात, म्हणजे अंदाजपंचे कोणी जिंकण्याची आशा नको. तरीही पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली. का? तर उत्तर पाठ नसले तरी शोधता येत होते. आवाज कोवळा आहे की पिकलेला, वाद्यमेळ लहान की मोठा, कान देऊन ऐकणाऱ्याला काहीतरी हाती लागेच. (त्याच सुमारास आमच्याच एका मराठी मंत्र्यांनी, बाळकृष्ण केसकरांनी, आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार केली होती. गाण्याला रसिकापासून तोडण्याची हौस काही आजची नव्हे.)

आणि सिलोनपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या जाखडीत शक्तीवाला सवाल टाकतो, तुरेवाला जबाब देतो. दोन्ही गाण्यातूनच. उत्तर न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही सवाल ऐकताना मजा येते आणि जबाब ऐकताना आणखी मजा येते. प्रश्न ऐकण्यासारखा असावा, एवढे साधे शहाणपण जाकीटवाल्यांनी या बाल्यांकडून शिकायला काय हरकत आहे?

दुसरे खूळ म्हणजे 'पहिला हात कोणाचा'. यात गाणे जाणणारा हरतो आणि पुढच्या खुर्चीवरचा जिंकतो. त्यापेक्षा पाट्या वाटा. सर्वांनी लिहायचे आणि एकदम वर धरायचे. गाणे ओळखायचे तर आधी नुसते सुरुवातीचे वाद्यसंगीत वाजवा, मग थोडे अधिक. लवकर ओळखणाऱ्याला जास्त गुण, उशिरा ओळखणाऱ्याला कमी, पण शून्य नको. संघात एक आजी आणि एक नातू असलाच पाहिजे. १९५५ च्या 'गीतरामायणा'वर नातू गप्प बसेल आणि २०१६ च्या 'सैराट'वर आजी, असे आपण धरून चालतो. पाट्या वर येतात तेव्हा बरेचदा उलटेच निघते! आणि प्रत्येक उत्तराला आधार हवा, पर्याय हवेत. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ते चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'. आता कोणी तबकडी वाचून 'कामिनी' लिहिले, तर त्याला मूर्ख म्हणणार की अभ्यासू?

यंदा प्रश्न काढण्याचे काम मी मागून घेतले. ती मुलगी आता कॉलेजात जाते. परीक्षक म्हणून बसशील का, असे विचारायला मी तिच्या घरी गेलो. चहा झाला, तिच्या आईने खोबऱ्याच्या वड्या पुढे केल्या. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, उत्तरांचा कागद आधी मला दाखवाल ना?"

मी खिशातून काढून दिला. दुसऱ्याच उत्तराशी तिने पेन्सिलीने खूण केली.